आधी दोरी

पवळीनं माझ्या तळहातावरचा गूळ खाल्ला, हात चाटून साफ केला, नाक माझ्या बाहीला पुसलं आणि मान वळवून ती शशी हेंद्रेकडं निघून गेली.

"खाऊन गेली," हवालदार इंगवले म्हणाले. ते दगडावर बसून बुटाची नाडी ओढत होते. "येडगे, आणखी एक ढेकूळ गेलं तुझं."

"जनावर आहे, उस्ताद. सवय लागंल हळूहळू."

"लागली की. गुळाची लागली. तुझी काय लागंना."

ओढ्याकाठी बसलेले सगळे ड्रायव्हर हसले. खेचरं हाकणाऱ्यालाही फौजेत ड्रायव्हरच म्हणतात. शशी हसला नाही. पवळीनं त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती आणि तो तिच्या खोगिराची उसवलेली शिवण बोटानं चाचपत होता. त्याच्या हातात गूळ नव्हता, मीठ नव्हतं, काहीच नव्हतं. मला तेच जास्त झोंबलं.

आता आमच्या गावच्या शाळेतली पोरं संध्याकाळी माझ्याकडं गाठी शिकायला येतात. भार बांधायची गाठ, एका हिसक्यात सुटणारी गाठ, ओली झाली तरी न आवळणारी गाठ. दोरी हातात आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बिरूआबा, लढाईत तुम्ही कितीजणांना मारलं?" मी सांगतो, "मी पाणी वाहिलं." पोरांची तोंडं उतरतात. मग मी त्यांना म्हणतो, रस्ता जिथं संपतो तिथून पुढं डोंगर सुरू होतो, आणि वर बसलेल्या माणसाला गोळीच्या आधी पाणी लागतं. ते कोण नेणार? गाडी चढत नाही. घोडा बिचकतो. गाढव अडतं. पण गाढव बाप आणि घोडी आई असलेलं खेचर जातं. एवढं सांगून मी त्यांना पुढची गाठ शिकवतो. पवळीचं मात्र सांगत नाही.

मी माण तालुक्यातला धनगर. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन निघायचो आणि सगळा संसार तट्टांच्या पाठीवर असायचा. चालता येत नव्हतं तेव्हा आईनं मलाही तट्टावर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधून फिरवलेलं. जनावराचा कान कुठं वळला यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. ते मला कुणी शिकवलं नाही. त्यामुळं डेपोतून नवी खेचरं उतरली तेव्हा मी एका नजरेत पवळी हेरली. छाती रुंद, खूर घट्ट, अंगावर पिवळसर झाक. कान सतत हलते, पण डोळा शांत. असं जनावर रांगेत पुढं लावलं की मागची सगळी गुमान चालतात.

"उस्ताद, ही मला," मी म्हणालो.

उस्तादांनी ती शशीला दिली.

शशिकांत हेंद्रे गडहिंग्लजच्या शिंप्याचा मुलगा. भरती होण्याआधी त्याचा जनावराशी संबंध म्हणजे शेजारणीचं मांजर. पहिल्या दिवशी त्यानं खोगीर उलटं चढवलं होतं. त्याला सगळे टेलर म्हणायचे. मेजरसाहेबांच्या पँटीपासून लंगरातल्या, म्हणजे आमच्या जेवणघरातल्या, पडद्यापर्यंत सगळं तोच शिवायचा.

"उस्ताद, त्याला काय कळतंय जनावरातलं?"

"म्हणून तर. तुला कसलंही दिलं तरी तू चालवशील. त्याला शहाणंच लागंल."

मला सुलतान मिळाला. सुलतान चावायचा. त्याला मी महिन्याभरात वठणीवर आणला, पण तो कुणाच्या नजरेत भरला नाही. रांगेत पुढं पवळी, तिच्या पुढं दोरी धरून शशी, आणि त्यांच्या मागं तोंडात धूळ खात मी. पवळीचा मागचा पुठ्ठा मला इतका पाठ झाला होता की आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

मग उन्हाळ्यात लढाई पेटली. शत्रू उंचावरच्या चौक्यांत येऊन बसला होता आणि आपली पलटण त्या एकेक करून परत घेत होती. आमची वाट डोंगराच्या पाठीमागून जायची, त्यामुळं बहुतेक आडोसाच होता. पाणी, दारूगोळा आणि पोत्यात बांधलेल्या रोट्या घेऊन आम्ही वर जायचो आणि मोकळी जनावरं घेऊन खाली यायचो. एके सकाळी वरच्या तळावर पलटणीच्या सुभेदारानं मला थांबवलं.

"खाली मोकळाच निघालास?"

"होय, साहेब."

"मग ह्याला घेऊन जा."

कांबळ्यात गुंडाळलेला एक जवान होता. बूट तेवढे बाहेर. आम्ही चौघांनी त्याला सुलतानच्या खोगिरावर आडवा घातला. मी अशी गाठ मारली की पूर आला तरी सुटू नये. पण गाठीचा प्रश्नच नव्हता. सुलताननं वास घेतला. नाकपुड्या फुलवल्या, मागच्या पायांवर उभा राहिला आणि खोगिरासकट तो भार त्या जवानाच्याच माणसांसमोर दगडांत आपटला.

कुणी मला शिवी दिली नाही. सुभेदार खाली वाकला, कांबळं सारखं केलं आणि एवढंच म्हणाला, "तुझ्या जनावराला सांग, हा आमचा माणूस आहे."

बाकीची खेचरंही तशीच निघाली. रक्ताचा वास आला की उधळायची. मग पलटणीचीच माणसं खांद्यावरून मेलेल्यांना उतरवायला लागली. एकाला उतरवायला चारजण. आणि ते चारजण वर हवे होते.

काही दिवसांनी शशी उस्तादांना म्हणाला, "पवळी नेईल."

"अन् उधळली तर?"

"न्हाई उधळायची."

दुसऱ्या दिवशी तो एका जवानाला घेऊन खाली आला. पवळी अशी चालत होती जशी गावातली म्हातारी देवळातून परत येते. पायाखालचा खडा निसटला तरी ती थांबायची, पाय परत टेकवायची आणि मग पुढं. वाटेच्या पायथ्याशी पलटणीची माणसं चहा पीत बसली होती. ती उठून उभी राहिली. कुणी हुकूम दिला नव्हता. त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या आणि शशी त्यांच्या मधून गेला. त्याच्या मागून पाण्याचे मोकळे कॅन खडखडवत मी आलो, तोवर ती खाली बसून पुन्हा चहा प्यायला लागली होती.

त्या दिवसापासून माझं जेवणातलं लक्ष उडालं. हा मान माझा होता. जनावर मी हेरलेलं. तिला पहिल्यांदा मी मागितलेलं. मेजरसाहेब येऊन शशीच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पलटणीतले कोण कुठले जवान त्याला सुकामेवा आणून द्यायचे. त्याला दुपारच्या फेरीतून सूट मिळाली. त्याच्या कपाळावर, गालावर ओरखडे दिसायला लागले, तेव्हा मला तेही खुपलं. आमच्यातल्या कुणाला साधं खरचटलंही नव्हतं आणि हा तोंडावरच्या जखमा मिरवत फिरतोय.

"काय रं हे?" मी विचारलं.

"दाढी करताना लागलं."

"कपाळावर दाढी येती व्हय तुझ्या?"

"आमच्या घराण्यात येती," तो म्हणाला आणि पालथा झोपला.

तो पालथाच झोपायला लागला होता. डोळे कायम लाल. तंबूतला नवल्या म्हणाला, "मेजरसाहेबांनी बाटली दिली असणार. टेलरची चैन आहे, बाबा." मी मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं. जास्त खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

पण तिला शिकवलं कसं, ते काही कळेना. मी पवळीच्या नाकाला हुंगून बघितलं. वाटलं, तेल लावत असेल, कापूर लावत असेल. खोगीर उचकटून बघितलं. शशीनं जुन्या कांबळ्यांची एक जाड गादी शिवून खोगिरावर घातली होती, एवढंच. गादीला मधूनमधून जास्तीचे तुकडे जोडलेले होते, वेड्यावाकड्या जागी. मेलेल्याच्या अंगावरचं कांबळंही तो कडेनं टाके घालून शिवून टाकायचा, म्हणजे वाऱ्यानं फडफडून जनावर बिचकू नये. ते चांगलं होतं. पण तेवढ्यानं खेचर मढं वाहत नाही, हे धनगराला सांगायला नको.

"दुपारचा जातोस कुठं तिला घेऊन?" एकदा मी सरळच विचारलं.

"टाके घालतो."

"मला दाखव की."

"टाके दाखवायचे नसतात, बिरा. दिसला तर तो टाका कसला?"

"मोठा आला कारागीर. उलटं खोगीर घालत होतास."

"होतो की," तो म्हणाला. चिडलाही नाही. त्याचंही मला वाईट वाटलं. निदान चिडला असता तर बरोबरी झाली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुलतानला नाल लावायचं निमित्त काढून मागं राहिलो. शशी पवळीला घेऊन नाल्यात उतरला. तिथं मोठमोठे धोंडे पडलेले होते. मी वरच्या बाजूनं, मेंढरामागं जातो तसा, दगडांआडून गेलो. बराच वेळ काही दिसेना. लांब कुठंतरी तोफा चालल्या होत्या आणि जमीन पायाखाली हलकेच हलत होती.

मग धोंड्यांमागून पवळी आली. एकटी. पुढं दोरी धरणारं कुणी नव्हतं, दोरी तिच्या गळ्याशी लोंबत होती. खोगिरावर आडवा एक माणूस होता. पोट खोगिरावर, इकडून पाय लोंबलेले, तिकडून हात आणि डोकं. अंगातला तो निळा स्वेटर मी ओळखला. कोपरावर त्यानं स्वतःच चामड्याचं ठिगळ लावलं होतं.

मी उतारावरून घसरतच खाली गेलो. पोचलो आणि माझ्या हातानं झडप घालून पवळीची दोरी धरली. दोरी धरली, मनगटाला एक वेढा घेतला, आणि मगच दुसरा हात शशीच्या मानेला लावला.

मान गरम होती.

"ओरडू नको," तो खालच्या आवाजात म्हणाला. डोकं तसंच लोंबलेलं. "ती बिचकंल."

मी मानेवरचा हात काढला नाही.

"आधी दोरी धरलीस," तो म्हणाला. "बरोबर केलंस. माणूस पडला तरी आधी दोरीच धरायची. जनावर गेलं तर दोघंही गेले. तुम्हा लोकांना हे उपजतच येतं. मला शिकाय लागलं."

मी दोरीकडं बघितलं. वेढा मनगटाला अजून तसाच होता.

"उतर," मी म्हणालो.

"जरा थांब. त्या वळणापतोर जाऊ दे. चल, पवळे."

ती चालू लागली आणि मी बाजूनं. धोंड्यांमधली वाट चिंचोळी होती. एका ठिकाणी त्याचं कपाळ दगडाला घासलं. त्यानं मान वर उचलली नाही. मेलेला माणूस मान उचलत नाही. वळणावर मी पवळीला थांबवलं. एक हात त्याच्या कपाळाखाली घातला, दुसरा छातीखाली, आणि त्याला खाली घेतलं. चेहरा लालभडक झाला होता आणि डोळ्यांत रक्त उतरलं होतं. तो धोंड्याला टेकून बसला.

"असं शिकवलीस व्हय?"

"असंच. पहिल्यांदा माझ्या अंगाला मेलेल्यांच्या कांबळ्याचा तुकडा बांधला. वास यायला. तिनं तीनदा फेकलं मला. मग तिच्या ध्यानात आलं, की वास कसलाबी असला तरी वर मीच आहे."

मी पवळीकडं बघितलं. कान सैल पडलेले, एक मागचा पाय मोडून ती आरामात उभी होती. जनावराची नस मला कळते.

"शशी, ही कवाच शिकली. आता हिला शिकवायचं काय उरलंय?"

त्यानं बाहीनं कपाळ पुसलं.

"मग रोज काय करतोस?"

"माप घेतो."

"कसलं माप?"

"आणताना मी पुढं असतो, बिरा. मागं बघायचं न्हाई, जनावर थांबतं. मग मागं त्याचं कुठं काय आपटतंय, मला कसं कळणार? म्हणून मी झोपून बघतो. काल छातीला खोगिराची दांडी लागत होती. तिथं गादीला तुकडा लावला. आज कपाळ लागलं, म्हणजे वळणावर तिला बाहेरच्या अंगानं घ्यायला पाहिजे. आमचे वडील म्हणायचे, अंगावर चढवून बघितल्याबिगर कापड द्यायचं न्हाई."

"त्यांना आता लागत न्हाई, शशी."

"माहीत आहे."

तोफा थांबल्या होत्या. नाल्यात पाण्याचा बारीक आवाज येत होता. तो हाताची बोटं उघडमिट करत होता, मुंग्या आल्यावर करतात तशी.

"एक सांगू?" तो म्हणाला. "परवापासून उतरावंसंच वाटत न्हाई. वर पडलो की बरं वाटतं. कुणी काय विचारत न्हाई. खालची माती सरकताना दिसती, बास. मग वाटतं, आता कुणीतरी उतरवायला येईल. कुणी येत न्हाई. माझा मीच उतरतो. आणि उतरल्यावर दिवसभर वाटत राहतं, की आपण अजून वरच आहे."

मी त्याला हाताला धरून उठवलं. पवळीनं त्याच्या पाठीला डोकं लावलं आणि ढकलत ढकलत त्याला तळाकडं नेलं. मी मागून चालत होतो. दोरी माझ्या हातात होती आणि त्या सगळ्या वाटेत ती शशीला परत द्यायचं मला सुचलं नाही.

संध्याकाळी मी सगळ्यांदेखत उस्तादांसमोर उभा राहिलो.

"उस्ताद, पवळी मला द्या."

लंगरातली कुजबूज थांबली. उस्तादांनी रोटीचा तुकडा ताटात ठेवला.

"शेवटी परत मागितलीसच."

"मागितली."

"हेंद्रे काय म्हणतोय?"

शशी कोपऱ्यात बसला होता. त्यानं वर बघितलं. मला वाटलं, तो नाही म्हणेल. मला वाटलं, तो आता तरी चिडेल.

"द्या," तो म्हणाला. "त्याला जनावरातलं कळतं."

नवल्या मला ऐकू जाईल असा बोलला, "घेतलीच हिसकावून. गूळ वाया न्हाई गेला." त्या तंबूत पुढं बरेच दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. टेलरचा मान धनगरानं खाल्ला, असं सगळ्या कंपनीत झालं. मी कुणालाच नाल्यातलं सांगितलं नाही. आणि ते म्हणत होते त्यात चूक किती आणि बरोबर किती, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही.

शशीला खोगीर दुरुस्तीवर बसवलं. तळावर, उन्हात, दाभण घेऊन.

पहिल्या सकाळी मी पवळीला घेऊन रांगेच्या पुढं उभा राहिलो. पुढं कुणाचाही पुठ्ठा नव्हता. नुसती वाट आणि वर डोंगर. छाती भरून आली. एवढ्यासाठी मी किती दिवस जळत होतो! पवळी माझ्यामागून मुकाट चालत होती. वर पाणी उतरवलं आणि त्याच सुभेदारानं एकाला आमच्या हवाली केलं. मी त्याला गादीवर घेतला, कांबळ्याला टाके घातले. शशीनं आदल्या दिवशी मला टाका शिकवला होता. वळणावर तिला बाहेरच्या अंगानं घेतली.

पायथ्याशी पलटणीची माणसं बसलेली होती. मला येताना बघून ती उठली. टोप्या काढल्या. मी मान ताठ केली आणि त्यांच्या मधून निघालो. तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचे डोळे जवळून दिसले.

एकाचेही डोळे माझ्याकडं नव्हते. सगळे माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. एकजण तर माझ्या अंगाला घासून पुढं आला आणि कांबळ्यातून बाहेर आलेल्या बुटाची सुटलेली नाडी त्यानं बांधली. नीट, दोन फासे टाकून. मग बाजूला झाला. पवळी मान खाली घालून त्याचं होईपर्यंत थांबली होती.

दुसऱ्या दिवशी एक होता. मग दोन फेऱ्या. मग एक असा होता की त्याला मी परवा वर पाणी दिलं होतं आणि त्यानं विचारलं होतं, "सातारकडचा का रं?" त्याला आणताना मी मागं बघितलं. पवळी थांबली. मला तिला परत चालवायला बराच वेळ लागला.

तळावर आलो की शशी उन्हात बसलेला असायचा, मांडीवर खोगीर, तोंडात दोरा. पवळी त्याच्याकडं मान वळवायची. तो वर बघायचा नाही. आणि मी त्याच्याकडं बघत राहायचो. सावकाश दाभण टोचतोय. उन्हात बसलाय. कुणाचं वजन त्याच्या पाठीमागं चालत येत नाही. पवळीसाठी जळलो नव्हतो इतका मी त्या उन्हातल्या जागेसाठी जळलो.

लढाई संपली. पवळी डेपोत परत गेली, मी नोकरी पुरी केली, पेन्शनीवर गावी आलो. शशी आधीच बाहेर पडला होता.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नाला गडहिंग्लजला गेलो होतो, तेव्हा विचारत विचारत त्याच्या दुकानी पोचलो. शाळा सुरू व्हायचे दिवस. दाराशी गणवेशांचे गठ्ठे, आत शिलाई मशिनं, बाहेर रंगवलेली पाटी. पोरं मापं द्यायला येऊन गेल्याचा पसारा पडलेला. मला पुन्हा तेच झालं. मनात म्हणालो, ह्याचं बरं चाललंय. माझ्याकडं चार मेंढरं आणि दोरीच्या गाठी.

शटर अर्धं खाली होतं. वहिनींनी मला ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर आत घेतलं.

"धनगरभावजी ना? नाव घेतात तुमचं. बसा. झोपलेत ते."

"झोपू दे की. मी थांबतो."

"थांबा, पण तिकडं जाऊ नका," त्या ओशाळून म्हणाल्या. "ते जरा वेगळंच झोपतात. पोरं हसतात, म्हणून शटर ओढते. कॉटवर झोप लागत नाही. आणि कुणी उठवायला हात लावला की अंगावर येतात. एकदा पोराला ढकलून दिलं, त्याचा हात मोडला. तेव्हापासून आम्ही कुणी हात लावत नाही. आपले आपणच उठतात."

मी पडद्यामागं डोकावलो. कापड कापायचं मोठं टेबल होतं. शशी त्याच्यावर आडवा पालथा पडला होता. इकडून पाय लोंबलेले, तिकडून हात आणि डोकं. केस पिकले होते. छातीखाली जुन्या कांबळ्याची शिवलेली गादी होती.

वहिनी मागून हळूच म्हणाल्या, "भावजी, नको."

मी पायातल्या चपला काढल्या. त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. एक हात कपाळाखाली घातला, दुसरा छातीखाली. त्याचं सगळं अंग ताठ झालं, दोन्ही मुठी वळल्या. मी हात काढला नाही. घाई केली नाही. त्याचा भार माझ्या छातीवर घेतला, पाय टेकू दिले, आणि त्याला हळूहळू खाली जमिनीवर, कापडाच्या कातरणांवर आडवा केला. पाठीवर. डोकं माझ्या मांडीवर ठेवलं.

मुठी सुटल्या. डोळे त्यानं उघडले नाहीत.

"बिरा?"

"व्हय."

"दोरी धरलीस का आधी?"

"न्हाई," मी म्हणालो. "आधी तुला धरलं."